गरम पडतं म्हणजे काय?

दिवाळीत लोक एकमेकांकडे फराळाला जातात. आमच्या बिल्डिंगमधले हरीभाऊ राऊत गोळ्यांचा डबा तपासायला जातात. चकलीची ताटली पुढे केली की हात आडवा. "फराळ मागाहून. आधी डबा आणा."

असा डबा घरोघरी असतो. बिस्किटांचा जुना, पत्र्याचा, आत उरल्यासुरल्या गोळ्या. हरीभाऊ एकेक पट्टी खिडकीच्या उजेडात धरतात. "ही कुणाची? का उरली?" तिसऱ्या मजल्यावरच्या चुरीबाई एकदा म्हणाल्या, "आमच्या बंटीचा घसा बरा झाला, म्हणून ठेवली. परत दुखला तर होईल."

"घसा बरा झाला हे बंटीला कळलं, वहिनी. जंतूंना कुणी कळवलं?"

पाहुणे हसले. चुरीबाईंनी चकलीची ताटली आत नेली.

हा माणूस डॉक्टर नाही. वसईत एका मेडिकलच्या काउंटरला चाळीस वर्षं उभा राहिला. लग्न केलं नाही. चिठ्ठी नसताना अँटिबायोटिक मागणाऱ्याला असा हाकलायचा की मालक म्हणायचा, "राऊत, तू दुकान चालवतोस की बंद करतोस?" डॉक्टरने सांगितले तेवढे दिवस गोळ्या पुऱ्या घेणाऱ्याला मात्र तो स्वतःच्या खिशातून आगाशीची सुकेळी देतो. वाळवलेलं केळंच ते, पण देताना असा देतो की मेडल गळ्यात घालतोय.

मला हा माणूस डोक्याला ताप वाटायचा. मी चौथी शिकलेला. गोखिवऱ्याच्या गाळ्यात प्रेस मशीनवर जन्म गेला. मला कुणी प्रश्न विचारलेले खपत नाहीत. मंदाला, माझ्या बायकोला, तो आवडायचा. ती त्याला चहात आलं जास्त घालून द्यायची.

मंदाला जाऊन वर्ष झालं. लोक म्हणतात, घर रिकामं वाटत असेल. घराचं सोडा. माझ्या अंगाची सगळी माहिती तिच्याकडे होती. मला काय बाधतं, काय सोसतं, मी कधी लक्षातच ठेवलं नाही. डॉक्टरकडे तीच बोलायची, मी नुसता जीभ दाखवायचो. आता ती गेली आणि माहिती पण गेली.

मागच्या महिन्यात दाढ सुजली. गाल पावासारखा फुगला. दवाखान्यात नवीन पोरगी डॉक्टर. तिने विचारलं, "आजोबा, कसली अ‍ॅलर्जी आहे का?" मी म्हटलं, नाही. अ‍ॅलर्जी म्हणजे फ्लॅटवाल्यांना धुळीने शिंका येतात ती, एवढंच मला ठाऊक. तिने कॅप्सूल लिहून दिल्या.

घरी येऊन पट्टीवरचं नाव अक्षर अक्षर लावून वाचलं. शेवटी 'सिलीन' आलं. तेव्हा मंदाचा आवाज आठवला. "यांना ते सिलीनवालं गरम पडतं."

गरम ना? मग उपाय सोपा. सब्जा भिजत घातला, तांब्याभर ताक केलं. कॅप्सूल तळहातावर घेतली आणि हरीभाऊ दारात.

"दामू, गोळी घेतोयस ते बरोबर. हा सब्जा कशाला?"

"ही गोळी गरम पडते मला."

"गरम पडते म्हणजे काय?"

"गरम म्हणजे गरम! आता काय थर्मामीटर लावू?"

"जुलाब होतात? जळजळतं? की अंगावर येतं?"

मी आठवलं. वीसेक वर्षं झाली असतील. "अंगभर गांधी उठल्या होत्या. ओठ हे एवढे सुजले. दम लागला. मंदाने रिक्षात घालून नेला होता."

हरीभाऊंनी माझ्या हातावर असा फटका मारला की कॅप्सूल उडून ताकात पडली.

"अरे शहाण्या, ती अ‍ॅलर्जी! या वेळी रिक्षापर्यंत पण पोचला नसतास! ताकाने काय होणार होतं?"

त्यांनी मला तसाच उचलून दवाखान्यात नेला. डॉक्टरीण ऐकून पांढरी पडली. "आजोबा, मी विचारलं होतं ना?"

मी म्हटलं, "तुम्ही अ‍ॅलर्जी विचारलीत. गरम पडतं का, ते कुठे विचारलंत?"

हरीभाऊंनी टेबलावर हात आपटला. "बरोबर आहे त्याचं!"

तिने रागावायचं सोडून ते लिहून घेतलं. माझ्या कागदावर लाल शाईत, मोठ्या अक्षरात पेनिसिलिन बंद. त्याच्या जातीतलं दुसरं औषधही कधी द्यायचं नाही. मला म्हणाली, कुठल्याही डॉक्टरकडे गेलात की हे पहिलं सांगायचं. औषध बदलून दिलं, पाच दिवसांचं. आम्ही निघालो तेव्हा आत ती पुढच्या बाईला विचारत होती, "आधी कधी कुठली गोळी गरम पडली होती का? म्हणजे नेमकं काय झालं होतं?"

हरीभाऊ जिना असे चढले, जसा कुस्ती मारून आलेला पैलवान. प्रत्येक मजल्यावर थांबून सांगितलं. चुरीबाईंनी स्वतःहून डबा बाहेर आणला.

मग पाच दिवस सकाळी आठला माझी बेल. "घेतली का गोळी?" तिसऱ्या दिवशी सूज उतरली. मी म्हटलं, आता बास. ते दारातच स्टूल टाकून बसले. पाचव्या दिवशी शेवटची गोळी गिळली आणि मला सुकेळी मिळाली. एवढ्या आयुष्यात पहिलं बक्षीस.

सहाव्या दिवशी मी आठ वाजता शर्ट घालून बसलो. बेल वाजली नाही. कोर्स संपला होता, कशाला वाजेल? घेतली का गोळी, हे मंदा रोज विचारायची. वर्षभर कुणी विचारलं नव्हतं, पाच दिवस विचारलं.

शेवटी मीच त्यांच्याकडे गेलो. पहिल्यांदाच. एक खुर्ची, एक कप. फळीवर त्यांच्या स्वतःच्या प्रेशरच्या गोळ्यांची पट्टी. वर मेडिकलचं बिल, तारीख आठवड्यापूर्वीची. एकही गोळी काढलेली नाही.

"हरीभाऊ, ही का उरली?"

हरीभाऊंनी पट्टी उलटी करून ठेवली. मग म्हणाले, "राहून जातं रे. विचारायला कोण आहे?"

मी त्यांना डॉक्टरणीला फोन लावायला लावला. ती म्हणाली, आजपासून रोजची एक, राहिलेल्या भरून काढायच्या नाहीत. मी पाणी आणलं आणि समोर उभा राहिलो.

आता रोज सकाळी आठला बेल मी वाजवतो. महिना झाला, एक दिवस खाडा नाही. काल पट्टी संपली तेव्हा मी आगाशीहून आणलेली सुकेळी खिशातून काढली.

"दामू, प्रेशरचा कोर्स संपत नसतो. जन्मभर असतो."

"माहीत आहे," मी म्हटलं. "उघडा तोंड."