चाकाची खुर्ची शिकता गादी सुटली त्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनी समर्थ असे. तुळशीस पाणी घालून, पोथीचा नेमाचा अध्याय आटोपून, जैसे घडले तैसे लिहिले आहे; उणेअधिक असेल ते थोरांनी पोटात घालावे. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, माघ शुद्ध पंचमी, आदित्यवार, ते समयी महिला मंडळाचे राज्यावर अंबूताई सरपोतदार अध्यक्षपदाचे गादीवर होत्या. राज्य मोठे नव्हे. एक खोली, तीन कपाटे, एकशेबारा सभासद, आणि कोठारात चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, वॉकर व दुखणेकऱ्याचे पलंग. ज्याचे घरी दुखणे असेल त्याने विनामूल्य न्यावे, बरे वाटल्यावर परत आणावे, हा राज्याचा धर्म. आणि थोरल्या बाईंनी राज्य स्थापिले तेव्हा कायदा करून ठेविला की, गादीवर जी असेल तिने दर वसंतपंचमीस सतरंजीवर बसून सर्वांत नव्या सभासदाकडून एक नवी गोष्ट शिकावी, आणि मग भर सभेत, कोणास न विचारता, आपुले हाते करून दाखवावी. न जमल्यास गादी सोडावी.

अंबूताई कष्टाळू आणि गोड बोलण्याच्या. बारा वर्षे गादी राखिली. परंतु पुढे पुढे दर पौषात आपुली भाची नाहीतर जाऊ सभासद करून घ्यावी, म्हणजे तीच सर्वांत नवी ठरे, आणि मग तिने पुरणपोळी शिकवावी. ऐशा रीतीने ताई पाच वर्षे लागोपाठ पुरणपोळी नव्याने शिकल्या. पोळी उत्तम होई, सर्वजणी जेवून तृप्त होत, कोणी काही बोलेना. मात्र राज्यात शिकणेच राहिले. कोणी खुर्ची न्यावयास आले की खुर्ची द्यावी, नमस्कार करावा, आणि माणूस तीत बसवावा कैसा हे विचारले तर "डॉक्टरांना विचारा हो" म्हणावे.

यंदा भाचीचे नाव लागले होते, परंतु पंचमीचे आदले दिवशी तुळसाबाई घाडगे येऊन सभासद जाहल्या. तीस वर्षे सरकारी दवाखान्यात आयाचे काम करून निवृत्त जाहलेल्या. चिटणीस हेमलताबाई बोंद्रे ताईंस हळूच बोलिल्या, "ताई, आता सगळ्यांत नवी ती ही." ताई म्हणाल्या, "अगं, एक दिवस थांबवायचं ना तिला! मी डाळ भिजवलीय." हेमलताबाई म्हणाल्या, "सही झाली हो. खोडू का?" ताई म्हणाल्या, "नको. देव बघतो."

मग पंचमीस सभा भरली. तुळसाबाई पलंग आणि चाकाची खुर्ची मध्ये ओढून म्हणाल्या, "ताई, आधी तुम्ही निजा. उचलून घेतल्याबिगर उचलाया येत न्हाई." ताई जरीचे लुगडे सावरून निजल्या, आणि सभेत खसखस पिकली. तुळसाबाईंनी खुर्चीचे ब्रेक लाविले, ताईंचे पाय भुईस टेकविले, कंबरेस धरिले, गुडघ्यास गुडघा लाविला, आणि उठवून, वळवून, अलगद खुर्चीत बसविले. "खाकंत हात घालायचा न्हाई. खांदा निखळंल. आन् खुर्ची कायम धडधाकट अंगाला लावायची." तीनदा दाखविले. ताईंनी तीनदा मान डोलाविली.

मग हेमलताबाई दुखणेकरी जाहल्या, डावे अंग लुळे ऐसे ठरले. ताईंनी ब्रेक लाविले, कंबरेस धरिले, आणि हेमलताबाईंस अर्धे उभे केले. तेव्हा ध्यानी आले की खुर्ची डावीकडे आहे, आणि ती डावीकडेच हवी की उजवीकडे हे काही केल्या आठवेना. आणि सभा पाहात होती. हेमलताबाई सोंग घेतलेल्या; तैसेच पुढे रेटिले असते तर आपल्या पायांनी वळून बसत्या आणि गादी राहती. त्या कानाशी बोलिल्याही, "चला ताई, मी बसते." परंतु ताईंनी त्यांस हळू पलंगावर टेकविले, आणि मोठ्याने विचारिले, "तुळसाबाई, खुर्ची चुकली का हो माझी?"

कायद्याने विचारिले म्हणजे गादी गेली. तुळसाबाई गडबडल्या, "अवं ताई, इचारलं कशाला? आता जाईल की वो समदं!" ताई म्हणाल्या, "जाऊ दे. उद्या हे मी कोणाच्या सासऱ्याला करायला गेले तर? सांगा, कुठल्या अंगाला?" "उजव्या." ताईंनी खुर्ची उजवीकडे आणिली, हेमलताबाईंस उठवून, वळवून, नीट बसविले, आणि मग गादीपाशी जाऊन आपुला चष्मा व पिशवी उचलून सतरंजीवर येऊन बसल्या. तोच मागून एकजण उठली, "मलाही नाही येत. मला दाखवा." मग दुसरी उठली, आणि मग पलंगापाशी रांगच लागली.

सारांश, राज्य कोणी जिंकिले नाही, कोणी हिराविले नाही, एक प्रश्न विचारिल्याने गेले. त्या दिवशी एकतीस जणी शिकल्या, आणि नवी अध्यक्ष निवडणे राहूनच गेले. बहुत काय लिहिणे.