उत्तरेच्या भिंतीची आणि घरपट्टीच्या सवलतीची हकीकत

श्रीगजानन स्मरोन, जे जाहले तितुकेच लिहावे ऐसी लेखणीस आण घातली आणि मजकूर मांडिला. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत नाम संवत्सर, माहे वैशाख. कोणे एके राज्यी तांबट आळीत सगुणाबाई म्हणोन विधवा बाई राहत होत्या. पतीमागे दुमजली दगडी इमारत तयांकडे आली, आणि तीत एका खोलीत बाई स्वतः व बाकीत चार बिऱ्हाडे भाड्याने नांदत होती. इमारतीने शंभरी ओलांडिली, तुळया वाळवीने पोखरिल्या. शेजारचे घरधनी आपापली घरे पाडोन मोकळे जाहले, परंतु बाईंनी दुरुस्तीचा निश्चय केला. राज्याचा रिवाज ऐसा की, घर सुधारले म्हणजे आकारणी नव्याने व्हावी आणि घरपट्टी चढावी. मग भाडे चढणार आणि बिऱ्हाडे उठणार, हे बाई जाणोन होत्या. तों सरकारचा हुकूम कानी आला, जे जुनी इमारत न पाडता दुरुस्त करितील त्यांस दहा वर्षे जुनीच आकारणी ठेवावी. मात्र आधी अर्ज, मग पाहणी, आणि त्याउपरि काम. पाहणीपूर्वी दगड हलला तरी सवलत बुडाली.

बाईंनी हेलपाटे घालोन अर्ज गुदरिला, आणि कचेरीने पाहणीस सोमवार नेमिला. तों शुक्रवारी सकाळी तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या हुसेनबी धावत आल्या आणि बोलिल्या, “आक्का, उत्तरेची भिंत फुगलीय. माझं दार लागेना.” मग येसाजी गवंडी यांस बोलाविले. तयांनी भिंतीस ओळंबा लाविला आणि मान हलविली. “आजच्या आज उतरवली पाहिजे. पण आक्का, हात लावला की तुमची सवलत गेली.” बाईंनी वरच्या मजल्याकडे पाहिले आणि बोलिल्या, “वर लेकरं झोपतात. उतरवा.” मग बिऱ्हाडे बाहेर काढिली, छतास टेकू दिले, आणि येसाजींनी एकेक दगड, चुन्याने वर आकडा घालोन, अंगणी रचिला.

सोमवारी कचेरीचे पाहणी कारकून त्रिंबकराव आले आणि भिंतीचे ठायी मोकळे आकाश पाहोन थबकले. ते भले गृहस्थ, हळूच बोलिले, “बाई, आपोआप पडली म्हणा. मी तसं लिहितो. पडलेल्या भिंतीला नियम आड येत नाही.” बाईंचे मनी मोह जाहला, हे लपवू नये. चारही घरे एका शब्दावर वाचत होती. परंतु बोलिल्या, “येसाजींनी दिवसभर जिवावर उदार होऊन उतरवली. तिला पडली कशी म्हणू? उतरवली, असंच लिहा.” त्रिंबकरावांनी तैसेच लिहिले, आणि कचेरीने अर्ज फेटाळिला.

बाई खचल्या नाहीत. वरिष्ठांकडे अपील केले, आणि नगराधिकारी जातीने पाहणीस आले. आकडे घातलेले दगड पाहोन तयांनी विचारिले, “हेच परत लावणार?” येसाजी बोलिले, “साहेब, ज्याच्या त्याच्या जागी.” मग निवाडा जाहला, दगड तेच आणि जागा तीच, म्हणोन इमारत पाडिली ऐसे नव्हे; बाकी इमारतीस सवलत मंजूर. परंतु ही भिंत पाहणीपूर्वी हलली आणि हुकूम मोडता येत नाही, सबब उत्तरेच्या खोलीची आकारणी नवी होईल आणि पट्टी चढेल.

ती खोली हुसेनबींची. निवाडा ऐकोन तयांनी कापडांचे गाठोडे बांधावयास घेतले. तों सगुणाबाई दारी उभ्या राहिल्या. “मशीन तेवढं संभाळून उचला. माझ्या खोलीत न्यायचंय.” हुसेनबी चकित होवोन बोलिल्या, “आणि तुम्ही, आक्का?” बाई बोलिल्या, “मी इथं. भिंत उतरवा म्हणणारी मीच होते ना? वाढलेली पट्टी मीच भरीन. तुमचं भाडं आहे तेच राहील.” हुसेनबींनी तयांचा हात धरिला, आणि दोघींनी मिळोन मशीन उचलिले.

एवंच, भाद्रपदमासी भिंत उभी राहिली. चार बिऱ्हाडे होती, चारही राहिली. इति मजकूर पुरा जाहला. वाचणारांनी सुखी असावे.