कल्याणअप्पांचं पहिलं पान

कल्याणअप्पा गेले त्याच्या आदल्या दिवशी घरात वाद चालला होता तो कॉम्प्युटरच्या तापावरून.

"ताप हाय त्याला," अप्पा डब्याच्या पाठीवर उलटा हात ठेवून म्हणाले. लहान लेकराचं कपाळ बघावं तसा तो हात होता. "तूच बघ की लावून."

"अप्पा, मशीनला ताप येत नसतो," वैजयंती म्हणाली. ती लातूरला कॉलेजात शिकवायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत पूर्णेला माहेरी आली होती आणि आल्यापासून तिला दुसरं काम उरलं नव्हतं. "व्हायरस असेल."

"मंग ताप कशानं येतो? व्हायरसनंच की!" अप्पांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली. "ऐकलं का गं? लेक बी तेच म्हणायलीय."

स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला. शिवम्माबाईंचं उत्तर बहुतेक वेळा भांड्यातूनच यायचं.

अप्पांनी उजवा हात कानामागे धरला आणि लेकीसमोर उभे राहिले. "म्हण आता. अप्पा बरोबर होते."

ही त्यांची जुनी खोड होती. आपलं म्हणणं खरं ठरलं, किंवा ठरण्याच्या बेतात आलं, की हात कानामागे जायचा. घरात आजवर ते वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. शिवम्माबाईंची नेमकी तेव्हाच भाजी करपायची आणि वैजयंती म्हणायची, "बघू." आत्ताही ती "बघू" म्हणाली.

कॉम्प्युटर बंद पडत होता एवढंच असतं तर कुणाचं काही अडलं नसतं. पण अप्पा पुस्तक लिहीत होते. स्टेशन रोडवर त्यांचं इंजिन आणि पंपांचं दुकान आयुष्यभर चाललं होतं. विकण्यापेक्षा दुरुस्तीचीच ख्याती जास्त. पेडगावचा एखादा शेतकरी रानातून फोन लावायचा आणि मोबाइल इंजिनाजवळ धरायचा. अप्पा इकडे डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "खालचा बोल्ट ढिला झालाय, आवळ. अन् त्याला जरा सावलीला घे, बिचारं थकलंय." बोल्ट ढिलाच निघायचा. वैजयंतीला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्याच वडिलांना असं ऐकू येतं. नाही येत, हे कळायला तिला लग्न करून दुसऱ्या घरी जावं लागलं.

दुकान बंद केल्यावर हे सगळं वाया जाऊ नये म्हणून अप्पांनी 'इंजिनाच्या बिमाऱ्या' नावाचं पुस्तक टाइप करायला घेतलं. एका बोटानं. ते बोटही कळीवर पडण्याआधी हवेत थोडा विचार करायचं. गेल्या दिवाळीपासून लिखाण चालू होतं आणि अजून पहिलं पान पूर्ण झालं नव्हतं, कारण पान भरायच्या आतच मशीन बंद पडायचं आणि लिहिलेलं सगळं जायचं.

"मधेमधे सेव्ह करत जा ना," वैजयंतीनं हजारदा सांगितलं होतं.

"अर्धं काम कुठं ठिवून देतेत का? इंजिन उघडलं की जोडूनच उठायचं."

मग अप्पा पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. पानाची सुरुवात सगळ्या गल्लीला पाठ झाली होती, कारण अप्पा टाइप करताना मोठ्यानं म्हणायचे: "इंजिन चालता चालता बंद पडले, तर त्यास शिव्या देऊ नयेत." या वाक्यानंतर थोड्याच वेळात मशीन बंद पडायचं आणि अप्पा त्यास शिव्या द्यायचे.

बाकी मशीनची बडदास्त मोठी होती. रोज लिंगपूजा झाली की अप्पा कपाळाला विभूती लावायचे आणि बोटांना उरलेली मशीनला. दुकानात असताना ती समोरच्या इंजिनाला लागायची, आता कॉम्प्युटरला. पहिल्यांदा त्यांनी ती पडद्यावर लावली होती. वैजयंतीनं फोनवरून आरडाओरडा केला तेव्हा शिवम्माबाईंनी तोड काढली: "डब्याला म्होरून जाळी हाय बगा, तिथं लावा. कुणाला दिसायचं बी न्हाई." जाळीच्या वर एक हिरवा दिवा होता, त्यामुळे ते कपाळच आहे हे अप्पांना पटलं.

तर त्या दिवशी सकाळी बस स्टँडजवळच्या दुकानातून धम्मानंदला बोलावलं. धम्मानंद सगळ्या गावाचे कॉम्प्युटर बघायचा. तो खुर्चीवर बसला, बटण दाबलं, आणि मशीन नव्या नवरीसारखं शहाणपणानं चालू झालं. चहा झाला, चुरमुऱ्यांची सुशीला खाऊन झाली, मशीन चालूच.

"शेठ, हे तर ठणठणीत हाय."

तो गेला. अप्पांनी बोट उगारलं. शिव्या देऊ नयेत, इथवर आले आणि पडदा काळा.

धम्मानंद दुकानातून परत आला. तोवर मशीनचा राग गेला होता. पुन्हा चालू.

"शेठ, मला भितंय वाटतं हे."

"मंग तू इथंच ऱ्हा. खोली देतो वरची."

"तसं न्हाई. फॉरमॅट मारू आपण. सगळं पुसून टाकायचं, नवं कोरं."

"बाबा रे," अप्पा खिन्नपणे म्हणाले, "पुसायचं काम ते स्वतःच करायलंय. त्याच्यासाठी तुला कशाला तरास?"

एवढ्यात शेजारचे भागवतराव येऊन उंबऱ्यात उभे राहिले. ते रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले होते आणि जगातल्या प्रत्येक दुखण्यावर त्यांचं एकच निदान होतं.

"होल्टेज," ते म्हणाले.

"भागवतराव, तुमच्या गुडघ्याला बी तुमी होल्टेजच म्हणता."

"मंग? सकाळी कमीच असतंय ते." ते घरी गेले आणि आपल्या फ्रीजचा स्टॅबिलायझर काढून घेऊन आले. मालनबाई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, शेजारी पापड लाटायला गेल्या होत्या, त्यामुळे परवानगीचा प्रश्न आला नाही.

स्टॅबिलायझर लागला. मशीन पुन्हा बंद पडलं, फक्त या वेळी बंद पडताना स्टॅबिलायझरनं टक्‌ असा आवाज केला.

"बगा, काहीतरी फरक पडला," भागवतराव म्हणाले.

अप्पांनी डब्याला हात लावला आणि ते उठले. "तुमचं सगळ्यांचं झालं ना? आता माजं ऐका. त्याला गरम व्हायलंय. कूलर आणा."

"आवं!" शिवम्माबाई पहिल्यांदाच भांड्यांशिवाय बोलल्या. "माणसं भाजायलीत घरात, अन् डब्याला कूलर?"

"माणसाला घाम येतो. त्याला येतो का?"

धम्मानंद आणि भागवतरावांनी मागच्या खोलीतला पत्र्याचा कूलर खडखडत बैठकीत ओढून आणला. टाकीतलं निम्मं पाणी वाटेत सांडलं, त्यातलं बरंचसं भागवतरावांच्या धोतरावर. कूलरचं तोंड डब्याकडे झालं. धम्मानंद म्हणाला, "शेठ, ओलावा चालत न्हाई," आणि स्वतः मात्र वाऱ्याच्या वाटेत उभा राहिला.

आणि मशीन चाललं.

अप्पांचं बोट विचार करत करत ओळींमागून ओळी उतरवू लागलं. एप्रिलच्या उन्हात बैठकीतले सगळे घामानं निथळत, श्वास रोखून उभे. वैजयंती दारात होती. इतका वेळ तिला हसू येत होतं, ते आता येईना. अप्पांच्या पाठीचा कणा ताठ, जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्यात, आणि त्या एका बोटाच्या मागे उभं आयुष्य. पुस्तकं तिनं ढिगानं वाचली होती. लिहिलं जाताना बघितलेलं हे पहिलंच.

"झालं!" अप्पा एकदम उठले. "पान झालं! अगं, ऐकलं का? दुसरं पान लागलं!" आणि ही बातमी समक्ष द्यायला ते स्वयंपाकघरात गेले.

तेवढ्यात वैजयंतीनं वाकून पान सेव्ह केलं आणि काही न केल्यासारखी पुन्हा दारात जाऊन उभी राहिली.

अप्पा परत येऊन बसले. दुसऱ्या पानासाठी बोट वर गेलं. त्याच वेळी खोलीत जळका वास आला. कूलर, स्टॅबिलायझर आणि कॉम्प्युटर, तिघांना एकाच बोर्डावर बसवलेलं होतं. फट्‌ झालं आणि सगळं घर गप्प झालं.

"फ्यूज," भागवतराव उत्साहानं म्हणाले. अखेर त्यांच्या खात्यातलं काम निघालं होतं. "असली बारीक तार टाकतेत का? थांबा." त्यांनी रेल्वेत वापरतात तसली जाड तार टाकली. तार काही जळली नाही. तिच्याऐवजी कोपऱ्यावरच्या खांबावर मोठा आवाज झाला, ठिणग्या उडाल्या आणि आख्ख्या गल्लीतले पंखे थांबले.

दारं उघडली. लोक बाहेर आले. पापड अर्धे टाकून मालनबाई घरी गेल्या आणि लगेच बाहेर आल्या.

"फ्रीजचा डबा कुणी नेला?"

भागवतराव धोतर झटकू लागले.

"लेक-जावई उद्या येयालेत. पातेलंभर आमरस हाय आत! लाइट कवा येती ह्याचा पत्ता न्हाई. आता काय करू त्याचं?"

"मालनबाई, असं करा," अप्पा शांतपणे म्हणाले, "आणा इकडं. शिवम्मा, पुऱ्या टाक."

लाइनमन आला तेव्हा ऊन कललं होतं. तोही आधी ओसरीवर जेवायला बसला. सगळी गल्ली दारातल्या कडुलिंबाच्या सावलीत ताटं घेऊन बसली होती. कुणी अप्पांना दोष दिला नाही. पोटात आमरस असताना ते जमत नाही. मालनबाईसुद्धा दुसरी वाटी घेताना म्हणाल्या, "जावयाला करीन उद्या शेवया."

अप्पा लेकीजवळ येऊन टेकले. "वैजू, ताप तर ठरला. कूलर लावल्यावर चाललं का न्हाई? त्याचा श्वास अडायलाय कुठंतरी. उद्या उघडून बघतो." हात कानामागे गेला. "म्हण."

"उद्या उघडल्यावर म्हणेन."

"ध्यानात ठिव."

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा पूजेला बसले ते उठले नाहीत.

त्यानंतर घरात माणसं आली, राहिली आणि गेली. वैजयंती लातूरला जाऊन पुन्हा आली तेव्हा बैठकीत कूलरचं तोंड अजून कॉम्प्युटरकडेच होतं. मागच्या खोलीत उकडत होतं, पण शिवम्माबाईंनी कूलर हलवू दिला नव्हता.

"धम्मानंद विचारत होता, मशीन द्यायचंय का म्हणून," त्या म्हणाल्या.

वैजयंतीनं कोनाड्यातून अप्पांचा स्क्रू ड्रायव्हर घेतला. मूठ त्यांच्या अंगठ्यानं झिजून गुळगुळीत झालेली होती. डब्याचे स्क्रू काढले, पुढची जाळी ओढून काढली आणि ती बघतच राहिली. जाळीच्या आतून राखाडी थर बसला होता. कुठे धुळीचा, कुठे नुसता मऊ, पांढुरका. पंख्याची पाती त्यानं लिंपलेली होती. हवा आत शिरायला सुईएवढी जागा नव्हती. तिनं बोटानं थोडं खरवडलं. वास ओळखीचा होता.

"आई, जरा इकडं ये."

शिवम्माबाईंनी वाकून पाहिलं. बोटावर घेतलं, नाकाशी नेलं. "विभूती हाय की गं ही."

"हो."

"रोज लावायचे. एक दिवस चुकवला न्हाई. गावाला गेले तरी मला फोन करायचे, मशीनला लाव म्हणून."

"आणि तू लावायचीस?"

"मंग! सारखं बिमार पडायलंय म्हणून दोन बोटं जास्तच."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आधी शिवम्माबाईंच्या खांद्याला हिसका बसला, मग वैजयंतीच्या. दोघी खाली बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. या घरात महिनाभरात कुणी हसलं नव्हतं. पाणी मात्र हसू थांबल्यावरही थांबेना, तेव्हा शिवम्माबाई पदर सावरत चहा टाकायला उठल्या.

वैजयंतीनं दुकानातल्या जुन्या ब्रशनं पाती साफ केली. राख एका कागदावर घेतली आणि पुडी बांधून देवघरात ठेवली. घाम पुसताना थोडी कपाळाला लागली, ती तिच्या लक्षात आली नाही. डबा जोडून तिनं बटण दाबलं. पंखा फिरला. आवाज हलका, मोकळा होता. तिनं डोळे मिटून तो ऐकला.

मग मोठाल्या अक्षरांतलं ते पान उघडलं.

"इंजिन चालता चालता बंद पडले, तर त्यास शिव्या देऊ नयेत. आधी अंगाला हात लावून पाहावा. गरम असल्यास त्याचा श्वास अडला आहे असे समजावे. जाळी काढून पाहावी. बहुतेक वेळा कचरा आपणच घातलेला असतो, व तोही चांगल्या मनाने. यात इंजिनाचा दोष नाही व आपलाही नाही. साफ करावे व पुढे चालावे."

खाली दुसरं पान कोरं होतं. कर्सर लुकलुकत होता. मशीन बंद पडलं नाही. बराच वेळ झाला तरी पडलं नाही.

"अप्पा बरोबर होते," वैजयंती पुटपुटली.

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबला. "काय म्हणलीस गं? ऐकू न्हाई आलं."

वैजयंतीनं कूलरशेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग शेजारी मालनबाईंच्या ओट्यापर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं ती म्हणाली, "अप्पा, तुमी बरोबर होते!"