आपली तक्रार नोंदवून घेतली आहे

आमच्या घरचा फ्रीज बिघडला तेव्हा मी एक साधा निर्णय घेतला: कंपनीत तक्रार करायची नाही. कारण फ्रीज आमच्याच कंपनीचा, आणि कंपनीत तक्रारींचे फोन घेणारा मीच. त्यात सुपरवायझरची जागा रिकामी झाली होती आणि तिच्यावर माझा डोळा होता. अशा वेळी आपल्याच मालाबद्दल बोंब मारायला मी काही अडाणी नाही. (बायकोचं मत वेगळं आहे.)

"अहो, फ्रीज गार होत नाहीये."

"दार सारखं उघडत असशील."

"आईंचं इन्सुलिन आहे त्यात."

"बघतो उद्या."

आई माझी. इंजेक्शन देते बायको. माझ्याकडे फक्त बघायचं काम होतं, आणि तेही मी उद्यावर ढकलत होतो. शेवटी एका रविवारी कंबर कसली. थर्मोस्टॅट शेवटपर्यंत फिरवला, फ्रीज भिंतीपासून पुढे ओढला, मागच्या जाळीवरची धूळ काढली, दाराच्या रबरात कागद अडकवून पाहिला. कागद घट्ट बसला, म्हणजे रबर ठणठणीत. "झाला नीट," मी जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी दूध नासलं. बायकोने ते माझ्यासमोर मोरीत ओतलं आणि पातेलं घासायला घेतलं. मला वाटलं, चला, विषय मिटला.

त्याच दिवशी ऑफिसात साहेब शेजारी खुर्ची ओढून बसले. कानाला हेडफोन. "चालू द्या तुमचं. कॉल कसे हाताळता ते ऐकतो." माझं प्रमोशन त्यावर ठरणार होतं. फोन वाजला.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू?"

"फ्रीज गार होत नाही."

आवाज ओळखला. बायको! तिनेही माझा आवाज ओळखला असणार. साहेबांसमोर 'अगं तू?' कसं म्हणणार? लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मी तिला 'आपण' म्हणायला लागलो.

"मॅडम, आपण दार वारंवार उघडता का?"

"आमचे हेही हेच विचारतात. त्यांनी स्वतः कधी दार उघडून एक बाटली भरून ठेवलेली नाही."

"फ्रीज आणि भिंत यांच्यात अंतर आहे ना?"

"आहे. आमच्या दोघांत आहे तेवढं नाही, पण आहे."

"चालू असल्याचा आवाज येतो?"

"आवाज भरपूर. काम काही नाही. मला सवय आहे त्याची."

साहेब खुसखुसले. मीही हसलो. (साहेब हसले की हसायचं असतं.)

"घरात कोणी जाणकार आहे का?"

"नवरा आहे. याच धंद्यातला. त्याच्या सख्ख्या आईचं औषध खराब होतंय आणि तो म्हणतो, उद्या बघतो. शेजारणीकडून बर्फ मागून आणते मी, थर्मासमध्ये औषध ठेवते. रोज किती वेळा तोंड वेंगाडायचं लोकांपुढे?"

घरी एव्हाना मी मधे तोंड घातलं असतं. इथे ग्राहकाचं बोलणं तोडायचं नाही असा नियम आहे, म्हणून सगळं ऐकावं लागलं. मला माझीच लाज वाटली.

"तातडीची तक्रार म्हणून नोंदवतो. माणूस आजच येईल. आणखी काही मदत करू शकतो का?"

"नको. विचारलंत, हेच पुष्कळ झालं."

साहेबांनी पाठ थोपटली. "छान सांभाळलंत. तो नवरा मात्र अगदीच नालायक दिसतोय."

"हो साहेब," मी म्हणालो.

संध्याकाळी फ्रीज दुरुस्त झाला. आतला पंखाच बंद पडला होता. मी सुपरवायझरही झालो, कारण ग्राहकाने माझ्या कॉलला पाचपैकी पाच गुण दिले होते. घरी मी जरा हुरळून विचारलं, "मला पाच?"

"तुम्हाला नाही. फोनवर होता त्या माणसाला. गप्प बसून ऐकत होता बिचारा."

आता आमचं वॉशिंग मशीन कुरकुरतंय. तिने मला सांगितलंच नाही, थेट कंपनीत फोन लावला. सुपरवायझर फोन घेत नसतो, तो माझ्या जागी आलेल्या नव्या माणसाने घेतला. मी नियमाप्रमाणे हेडफोन लावून मुकाट ऐकत होतो. ती मनसोक्त बोलली, चक्क दोनदा हसली. शेवटी गुण द्यायची वेळ आली आणि मी कान टवकारले.

तिने विचारलं, "पाचाच्या वर देता येत नाहीत का हो?"