आपटेकाकांचं स्पॅनिश

आमच्या कुकरवर परवा एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. 'नो लावादा.' स्पॅनिशमध्ये याचा अर्थ न धुतलेली. त्या लोकांत कुकर बाई आहे. तो मी धुतला नव्हता हे मला माहीत होतं, आपटेकाकांनाही माहीत होतं, पण चिठ्ठीत माझं नाव नव्हतं. काकांच्या चिठ्ठीत कधीच कोणाचं नाव नसतं.

काका आणि मी आयर्लंडमधल्या ॲथलोनमध्ये एका भाड्याच्या घरात राहतो आणि एकाच कारखान्यात काम करतो. तिथे हृदयात घालायच्या बारीक नळ्या बनतात. मी नळ्या बनवणाऱ्यांतला, काका त्यांत खोट काढणाऱ्यांतले. त्यांच्या क्वालिटी विभागाची एक रीत आहे. चूक लिहायची, माणूस लिहायचा नाही. 'सील तुटलेल्या अवस्थेत आढळलं.' कोणी तोडलं? ते सीललाच ठाऊक. उभा जन्म असं लिहून काकांचं बोलणंही तसंच झालंय. "दूध संपवलं गेलंय," असं ते फ्रिजसमोर उभे राहून जाहीर करतात. घरात आम्ही दोघंच, आणि काका दुधाला शिवत नाहीत.

अशा माणसाला साठीच्या तोंडाशी स्पॅनिश भेटलं, आणि माझे हाल सुरू झाले.

"अरे, हे तर आपलंच आहे," ते मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले. "धुतलेला शर्ट, धुतलेली चादर, धुतलेले मोजे. तेसुद्धा लिंग-वचन बघून शेपूट बदलतात. कामीसा लावादा, पांतालोनेस लावादोस. इंग्रजीला आहे का ही अक्कल? वॉश्ड म्हटलं की संपलं. आणि काम कोणी केलं, ते वाक्याच्या शेवटी सांगायची सोय आहे. सोय आहे हां, सक्ती नाही."

ही सक्ती नसणं त्यांना फार आवडलं. मग प्रेसवर, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, 'सेर्रादो' म्हणजे बंद असं आलं. मोडक्या खुर्चीवर 'रोता' आलं. खुर्ची दुरुस्त करावी असं मात्र कोणाच्या मनात आलं नाही. बारा तासांची शिफ्ट करून मी सोफ्यावर कोसळलो की काका वरून माझी तपासणी करतात आणि म्हणतात, "कान्सादो. थकलेला. मुलगी असतास तर कान्सादा."

"काका, मी कुठल्याही लिंगात थकलेलोच आहे," मी म्हणतो.

हे सगळं ऋतासाठी चाललं होतं. ऋता त्यांची एकुलती एक मुलगी. ती व्हॅलेन्सियात असते, तिथल्याच मुलाशी लग्न केलंय, आणि आता तिला आठवा महिना लागलाय. सासूबाईंना, कार्मेनबाईंना, स्पॅनिशखेरीज एक अक्षर येत नाही. पहिलं बाळंतपण माहेरचं, पण काकू गेल्यापासून माहेर म्हणजे एकटे काका. म्हणून बाळंतपण करायला तेच जाणार होते. बाळाला आंघोळ घातलेली आहे, दूध पाजलेलं आहे, झोपवलेलं आहे, एवढं तरी विहीणबाईंना सांगता यायला हवं. रजा मंजूर झालेली होती. बॅग भरलेली होती. बोलावणं तेवढं आलेलं नव्हतं.

"विचारा ना तिला सरळ," मी कंटाळून म्हणालो.

"मुलीच्या सासरी न बोलावता जात नाहीत. त्यात बाळंतपणाला बाप. ते लोक काय म्हणतील?"

"जे म्हणतील ते स्पॅनिशमध्ये म्हणतील. तुम्हाला कळेल तरी."

ते हसले नाहीत.

रविवारी ऋताचा फोन आला. मी खिचडी टाकत होतो. काकांनी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला होता, त्यामुळे दोघांचं बोलणं मला ऐकू येत होतं.

"पाळणा आणला, बाबा."

"कोंप्रादा," काका खुशीत पुटपुटले.

"खोली रंगवून झाली."

"पिंतादा."

"कार्मेनने बाळाचे सगळे कपडे धुऊन, इस्त्री करून ठेवलेत."

"लावादा. प्लांचादा." आवाज जरा उतरला. "म्हणजे सगळं झालेलंच आहे."

"हो ना. तू अजिबात काळजी करू नकोस."

"छान. ग्रँड," काका म्हणाले आणि टेबलावरचं नसलेलं पाणी हाताने पुसत बसले. मला फार वाईट वाटलं. आयुष्यभर दुसऱ्यांनी केलेलं काम तपासलेला हा माणूस, आणि या एका घरात त्याला स्वतःच्या हाताने काहीतरी करायचं होतं.

"बरं, ठेवतो," ते म्हणाले. मी डाव हातात घेऊन त्यांच्याकडे नुसता बघत राहिलो. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं.

"ऋता," ते म्हणाले, "मी येऊ का?"

मी शेगडी बंद केली.

"बाबा, मी कधीची वाट बघतेय," ऋता म्हणाली. "मला वाटलं, पुरुषमाणूस म्हणून तुला अवघड होत असेल, म्हणून मी विषयच काढला नाही. आणि विचारतोस काय असं? आईने विचारलं असतं? ती दारात येऊन उभी राहिली असती."

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. मग मला म्हणाले, "आळीव कुठे मिळेल रे इथे?"

"डब्लिनला."

"चल."

"काका, मी आत्ताच शिफ्टवरून आलोय. उद्या जाऊ."

"बाळंतिणीचे लाडू आहेत. उद्या कसले?"

मी गाडीची किल्ली शोधायला लागलो. काका बूट घालत होते. फोन चालूच राहिला होता, आणि ऋता एकीकडे रडत, एकीकडे हसत सांगत होती, "बाबा, गूळ जास्त घाल. आई घालायची तसा."