दोन दांड्यांमधलं अंतर

पाळणा जोडून झाला, जपूनने चार पावलं मागे सरून त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं, आणि तेवढ्यात त्याला काहीतरी खटकलं. कठड्याच्या दांड्या जरा लांब लांबच होत्या.

जपून हे त्याचं खरं नाव नव्हे. विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासून तपासून या जगात माणसाचं काय काय होऊ शकतं, हे त्याला पाठ झालं होतं. जिना उतरणाऱ्या प्रत्येकाला तो "जपून हं" म्हणायचा. ऑफिसने त्याला नावं ठेवता ठेवता शेवटी हेच नाव ठेवलं.

बाळाची तयारी सुरू झाल्यापासून त्याच्या मनात दोन भीती घर करून होत्या. एक बाळाची, दुसरी खर्चाची. बायकोने त्याला बरीच सूट दिली होती. "झबली जुनी चालतील, दुपटी जुनी चालतील, टब मागून आणलात तरी चालेल. पाळणा मात्र नवा घ्यायचा. कळलं?"

"कळलं," जपून म्हणाला होता. पण दुकानात नव्या पाळण्याची किंमत वाचली आणि किमतीची चिठ्ठी हळूच उलटी करून ठेवली. तिथून तो थेट जुन्या फर्निचरवाल्याकडे गेला.

"शुद्ध सागवान आहे साहेब," फर्निचरवाला पाळण्यावर थाप मारून म्हणाला. "बाळ काय, हत्ती झोपवा."

जपूनने पाळण्याला पॉलिशपेपर मारला, पांढरा रंग दिला, आणि बायकोला तो नवा म्हणून दाखवायचा असं ठरवलं. त्या दिवशी बायको आईला घेऊन तपासणीला गेली होती. त्याने अर्धी रजा टाकली, बाहेरच्या दाराला आतून साखळी लावली आणि बाळाच्या खोलीत बसून स्क्रू आवळले. आता फक्त ही दांड्यांची शंका उरली होती.

त्याने स्वयंपाकघरातून कोबीचा गड्डा आणला. बाळाचं डोकं साधारण एवढंच असणार. गड्डा दोन दांड्यांमध्ये ठेवून हलकेच ढकलला. तो सुळकन आत गेला, गादीवरून घरंगळला आणि पलीकडच्या दांड्यांतून बाहेर पडून कपाटाखाली दिसेनासा झाला.

जपूनने कपाळाला हात लावला. पण तो दावे तपासणारा माणूस होता, लगेच हाय खाणं त्याच्या शिस्तीत बसत नव्हतं. डोकं आत जाणं ही मुख्य अडचण नव्हेच, त्याने विचार केला. आत गेलेलं डोकं परत बाहेर येतं का, हा खरा प्रश्न. आणि कोबीला ते विचारून उपयोग नव्हता, कारण कोबीला खांदे नसतात. खांद्यांसकट डोकं हवं होतं. घरात त्या वेळी तसं एकच उपलब्ध होतं.

तो गुडघ्यांवर बसला. दांड्या जुन्या होत्या, जोर लावल्यावर किंचित वाकल्या. कान दुमडले, नाक घासलं, आणि डोकं पलीकडे गेलं.

परत येईना.

त्याने मान तिरपी केली, सरळ केली, श्वास सोडला, पोटसुद्धा आत ओढून पाहिलं. आत जाताना दुमडलेले कान आता दोन अडसरांसारखे उभे राहिले होते. साबण न्हाणीघरात होता. फोन बाहेरच्या खोलीत होता. शेवटी त्याने पाळणा दोन्ही हातांनी धरला आणि रांगत रांगत दाराकडे ओढत नेला. तिथे त्याला कळलं, की खोलीत बसून जोडलेला पाळणा खोलीच्या दारातून बाहेर जात नाही.

बाहेर फोन वाजू लागला. वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजला. बायकोच करत असणार. काय झालं असेल? डॉक्टर काय म्हणाले असतील? जपूनच्या डोळ्यांपुढे तपासलेले सगळे कागद फडफडू लागले. आणि मग दाराची घंटा वाजली.

"अहो!" किल्ली फिरली, दार बोटभर उघडलं आणि साखळीला अडलं. "साखळी का लावलीय?"

"आंघोळ करतोय!" जपून ओरडला.

"भरदुपारी?"

"जावईबापू, दार उघडा," दुसरा आवाज आला. "आत्ताच्या आत्ता."

जपून पाळण्यासकट ताठ झाला. सासूबाई आयुष्यभर शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आणि आपण निवृत्त झालोय ही बातमी त्यांच्यापर्यंत अजून पोचली नव्हती. लग्नाआधी त्यांनी जपूनला समोर बसवून प्रश्न विचारले होते, तेव्हापासून त्यांच्यापुढे त्याची जीभ टाळूला चिकटायची.

"एक मिनिट हं, आई," तो म्हणाला. "जरा… अडकलोय."

"कशात?"

 तो शब्द जुळवत होता, तेवढ्यात बायकोचा आवाज आला, पण वेगळाच, बारीक झालेला. "अहो… पाणी गेलं वाटतं. डॉक्टर म्हणाले होते आज-उद्यात होईल, म्हणून तर मी फोन करत होते. आई गं! अहो, बॅग आत आहे. दार उघडा ना!"

त्यानंतर जपूनने काय केलं, ते त्याचं त्यालाही नीटसं आठवत नाही. जन्मभर जिना कठडा धरून उतरणारा हा माणूस पाळण्यासकट चार पावलं मागे गेला आणि डोळे मिटून खोलीच्या दारावर धावून गेला. कडाड आवाज झाला. पाळणा चौकटीवर आपटून उभा-आडवा फुटला. पांढऱ्या रंगाखालून पिवळंधमक भुसकट भसाभस सांडलं. सागवानाचा पत्ता नव्हता. आतून सगळं लाकूड किड्यांनी खाल्लेलं होतं, नुसत्या रंगाने धरून ठेवलेलं.

जपून त्या ढिगाकडे बघत क्षणभर खिळून उभा राहिला. यात आपण तिला झोपवणार होतो. का कोण जाणे, मुलगीच होणार असं त्याला वाटायचं.  मग बाहेरून बायको पुन्हा कण्हली, तसा तो धावला आणि त्याने साखळी काढली.

पाळण्यातल्या नेमक्या त्याच्या मानेजवळच्या दोन दांड्या तेवढ्या दणकट निघाल्या होत्या. त्या आणि वर-खालच्या पट्ट्यांचे तुकडे त्याच्या गळ्यात तसेच होते. बायकोने पोट धरून त्याच्याकडे पाहिलं.

"हे काय घातलंय?"

"पाळणा."

"नवा?"

जपूनने खांद्यावरचं भुसकट झटकलं. बायकोचे ओठ थरथरले. ती आता रडणार असं वाटत असतानाच तिला हसू फुटलं. हसता हसता कळ आली, कळ ओसरली की पुन्हा हसू.

"चौकशी नंतर!" सासूबाई कडाडल्या. "आधी गाडी!"

समोरच्या घरातले काका गाड्या चालवायला शिकवत. त्यांची शिकवणीची गाडी खालीच उभी होती. सासूबाई आणि बायको मागे बसल्या, जपून पुढे काकांच्या शेजारी. शिकवणीच्या गाडीत गुरूच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि आज गुरूच्या जागी जपून बसला होता. पहिल्याच वळणावर समोर सायकलवाला दिसला आणि त्याचा पाय आपोआप खाली गेला. गाडी गचकन थांबली.

"ब्रेक कोण दाबतंय?" काका ओरडले.

"जपून!" जपून म्हणाला.

"तेच म्हणतोय मी!"

पुढे कुत्रं आडवं आलं, तेव्हा ब्रेक. हातगाडी दिसली, ब्रेक. "अहो, पाय वर घ्या, नाहीतर इथेच होईल मला!" बायको किंचाळली. उरलेला रस्ता जपूनने दोन्ही पाय सीटवर घेऊन, डोळे घट्ट मिटून काढला.

हॉस्पिटलच्या दारात बायकोला चाकांच्या खुर्चीत बसवून एकीकडे नेलं. जपून मागे धावला, तर एका धिप्पाड वॉर्डबॉयने त्याचा दंड धरला आणि त्याला दुसरीकडे वळवलं.

"अपघात विभाग इकडे."

"अहो, माझी बायको बाळंत होतेय!"

"होईल होईल. आधी तुम्हाला मोकळं करू."

रांगेत तीन तास गेल्यावर प्लास्टर कापणाऱ्या माणसाने त्याला पलंगावर आडवं केलं आणि करवत सुरू केली. ती कानाशी घरघरत असताना जपूनने ओळखीच्या आणि अनोळखी सगळ्या देवांना हाक मारली. स्वतःसाठी मात्र एकदाही नाही. तिला काही होऊ नये, बाळाला काही होऊ नये, एवढंच तो पुटपुटत राहिला. दांड्या गळून पडल्या, तसा तो चपला तिथेच टाकून पळत सुटला.

बाळंतिणींच्या मजल्यावर शांतता होती. एका नर्सने बोटाने खोली दाखवली. खोलीचं दार लोटलेलं होतं. त्याने ते हळूच उघडलं.

बायको दमून डोळे मिटून पडली होती. पावलं ऐकून तिने एक डोळा उघडला. "हसून हसून पोट दुखतंय की कळा येतायत, तेच कळेना," ती म्हणाली. "इतके दिवस सारखी धास्ती होती हो. तुम्हाला बोलले नाही, तुम्ही आधीच अर्धे झाला होतात."

खिडकीजवळ सासूबाई उभ्या होत्या. त्यांच्या हातांत दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी लालसर होतं. जपून मान खाली घालून वाट पाहू लागला. आता सगळं निघणार. पाळणा, साखळी, भरदुपारची आंघोळ.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. आवाज कसातरीच झाला होता. जपूनने वर पाहिलं. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि कोपरापासून हात लटलट कापत होते. "मुलगी आहे. नर्सने दिली आणि गेली. मला… मला हिची भीती वाटतेय हो. एवढीशी आहे. घ्या तुम्ही. लवकर घ्या."

जपूनने मागे वळून पाहिलं. खोलीत दुसरं कुणीच नव्हतं. त्याने हात पुढे केले. मुलगी त्याच्या कोपराच्या खोबणीत आली, तिने एक मोठी जांभई दिली आणि झोपून गेली. त्याचे हात कापले नाहीत. ते का कापत नाहीत, म्हणून तो जरा वेळ त्यांच्याकडे बघत राहिला.

मग त्याने पायाने खुर्ची पुढे सरकवली.

"आई, खाली बसा," तो म्हणाला. "पडाल."

आणि मुख्याध्यापिका एक शब्द न बोलता खाली बसल्या.