तरंगत्या नगराबाबत हरकती व सूचना

इद्रीस तुंगेकरांनी आपलं शहर सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावायचं ठरवलं, तेव्हा त्यांचा हेतू अगदी शुद्ध होता. (शुद्ध हेतूनेच माणूस जास्त गोत्यात येतो, हे त्यांना बावन्न वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.)

शहर म्हणजे खरं शहर नव्हे. इद्रीसभाई बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत नकाशांच्या विभागात नोकरी करत आणि ऐरोलीला घरी आले की विज्ञानकथा लिहीत. खाडीकडच्या बाल्कनीत बसून. संध्याकाळची भरती तिवरांच्या कमरेपर्यंत चढली की पलीकडचे मुलुंडचे दिवे पाण्यात उतरायचे आणि इद्रीसभाईंना वाटायचं, ते दिवे जमिनीवर नाहीतच. ते एक शहर आहे, आणि ते कुणालाही न सांगता हळूच कुठेतरी निघालंय. तोवर चहा गार झालेला असे. आजोबा जहाजावर तांडेल होते, तेव्हा पाणी आपल्या रक्तातच आहे, असं ते सांगत. (अलिबागच्या लाँचमध्ये बसल्यावर ते पाणी कसं बाहेर आलं, ते त्यांची बायको आरिफा सांगे.)

त्यांच्या कथेतलं नगर दोनशे वर्षांनंतरचं, समुद्रावर तरंगणारं. गल्ल्या दोरखंडांनी बांधलेल्या. वारा फिरला की घरंही फिरत, त्यामुळे रात्री ज्याला शुभ रात्री म्हणावं, तो शेजारी सकाळी खिडकीत नसे. तराफ्यांवर मेथीचे वाफे डुलत. पहाटे उंबरठ्यावर मिठाचा पातळ थर साचलेला असे आणि त्यावर उमटलेल्या पावलांवरून कोण कुठे गेलं ते कळे. फक्त कुणी कुठे जात नसे, एवढीच काय ती अडचण. कारण त्या नगरात माणूसच नव्हता.

हे दिवाळी अंकाच्या संपादकांच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी कळवलं, "शहर सुरेख आहे. पण माणसं कुठायत? पंधरा दिवसांत माणसं घालून पाठवा, नाहीतर राहू द्या." इद्रीसभाईंचं हे प्रयत्नांचं सातवं वर्ष. आपलं नाव छापलेलं एकदा बघायचं, एवढीच हौस होती, पण सात वर्षांत ती हौस दुखायला लागली होती.

"माणसं कुठून आणू, आरिफा?"

आरिफा शाळेत गणित शिकवायची. पेपर तपासता तपासता म्हणाली, "तुमाला माणसं दिसतात कुठे? परवा नंदिनीताईंनी जिन्यात 'कसे आहात' विचारलं, तर तुमी भरतीची वेळ सांगितलीत."

ते त्यांना लागलं. पण दुसर्‍या दिवशी कचेरीत डबा खाताना एकदम प्रकाश पडला. कचेरीत कुठलाही आराखडा तयार झाला की भिंतीवर लावतात आणि जनतेकडून हरकती व सूचना मागवतात. मग कोण कुठे राहतं, कुणाचं कुणाशी पटत नाही, कुणाला काय हवंय, सगळं आपोआप फाईलमध्ये येऊन पडतं. माणसं शोधायला जावंच लागत नाही!

इद्रीसभाई सोसायटीचे सेक्रेटरी होते, म्हणजे बोर्डाची किल्ली खिशातच होती. त्यांनी नकाशा लावला. वर ठळक लिहिलं, 'तरंगते नगर (कथेसाठी)'. खाली सवयीप्रमाणे, 'हरकती व सूचना सात दिवसांत लेखी द्याव्यात.' चूक एकच झाली. घरांना नवे नंबर द्यायचा कंटाळा आला, म्हणून सोसायटीच्या चोवीस फ्लॅटचेच नंबर घातले. आणि नोटीस बोर्डावर वर काय लिहिलंय ते आपल्याकडे कोण वाचतं? आपण आधी आपला फ्लॅट शोधतो.

संध्याकाळपर्यंत सोसायटीभर झालं की बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीये आणि नवीन घरं खाडीत मिळणार आहेत. वॉचमन दत्तूने तर छातीठोकपणे सांगितलं, "तुंगेकर साहेब बेलापूरला कुठल्या खात्यात हायेत, म्हाईत हाय ना? पास झालाय पिलान."

पहिल्या आल्या दुसर्‍या मजल्यावरच्या नंदिनीताई. "इद्रीसभाई, घर वार्‍याबरोबर फिरणार म्हणे. मग माझं देवघर पूर्वेला राहणार कसं?"

"ताई, ती कथा आहे."

"कथा असू दे नाहीतर काही असू दे, देवघर पूर्वेलाच पाहिजे. लिहून आणलंय मी."

मग अश्विन आला. आयटीतला, दोन गाड्यांचा मालक. "काका, मला दोन होड्यांचं पार्किंग लागेल. आणि कव्हर्ड हां, ते फ्लेमिंगो वरून घाण करतात."

रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग भरली. चेअरमन सुधीरराव उभे राहिले. "भरती-ओहोटीला घरं खालीवर होणार, कबूल. पण चेअरमनचं घर कुठल्याही परिस्थितीत खाली जाता कामा नये."

इद्रीसभाई हात जोडून म्हणाले, "अहो, असं शहर नाहीच! ते मी मनाने रचलंय."

"सुरुवातीला सगळे असंच म्हणतात," सुधीरराव म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

समजावून समजावून इद्रीसभाईंचा घसा बसला. मग मात्र ते गप्प बसून ऐकू लागले, आणि ऐकता ऐकता त्यांना गंमत वाटायला लागली. तळमजल्यावरच्या आजोबांना आपलं घर रोज एक तास तरी मुलाच्या घराला लागून हवं होतं. मुलगा राहत होता कॅनडात. जोशी आणि पिल्ले, पाच वर्षं न बोलणारे, दोघांनीही वेगवेगळ्या कागदांवर एकच सूचना दिली होती की आमच्या दोन घरांमधला दोर सोडू नये. इद्रीसभाईंच्या डोळ्यांपुढे ते नगर पहिल्यांदाच गजबजलं. मिठावर पावलं उमटायला लागली.

सातव्या दिवसापर्यंत तेवीस घरांचे कागद आले. चोविसावं घर त्यांचं स्वतःचंच. फाईल बांधायला घेतली, तर वर आणखी एक कागद होता, वहीचं पान फाडून, सुबक अक्षरात.

'घर क्र. ३०३. हे घर नकाशात सगळ्यांपासून लांब, एकटं दाखवलंय. बाल्कनीत खुर्ची एकच आहे. हरकत आहे. आरिफा तुंगेकर.'

त्यांनी तो कागद तीनदा वाचला. सात वर्षं त्या एका खुर्चीत बसून आपण पाण्याकडे बघत होतो, आणि ही आत पेपर तपासत होती. त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी खोडरबर घेतलं, ३०३ नंबरचं घर ओढून गल्लीत आणलं आणि दुसरी खुर्ची काढली. मग रजा टाकून चार दिवसांत कथा नव्याने लिहिली. सगळ्या हरकती नावांसकट जशाच्या तशा घातल्या, मधे मधे शहराच्या वर्णनाची आठ पानं आणि शेवटी तो नकाशा.

"या वेळी घेतील," आरिफा म्हणाली. तिने ते पहिल्यांदाच पूर्ण वाचलं होतं.

आणि घेतली की! अंक आला तेव्हा इद्रीसभाईंनी घाईघाईने पान उघडलं. मथळ्याखाली ठळक अक्षरात लेखकांची नावं होती. चोवीस. नंदिनीताई, अश्विन, सुधीरराव, जोशी, पिल्ले, सगळे. पहिलं नाव आरिफा तुंगेकर. संपादकांनी चौकटीत लिहिलं होतं, 'इतकी जिवंत माणसं आमच्या अंकात आजवर आली नव्हती. शहराचं वर्णन जागेअभावी गाळलं आहे.' शेवटच्या पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात होतं, 'नकाशा: इ. तुंगेकर.'

"अवो, आलं ना नाव छापून!" आरिफा मनापासून म्हणाली.

तेवढ्यात बेल वाजली. दारात दत्तू उभा होता, हातात अंकाची कोरी प्रत घेऊन. "मॅडम, लेकीला दाखवायचंय. सही पायजे तुमची." आरिफा लाजली, पण पान मात्र तिने झटकन उघडलं. दत्तूने इकडेतिकडे पाहिलं आणि इद्रीसभाईंना म्हणाला, "साहेब, तुमच्याकडं पेन हाय का?"